उन्हातला फोटो आणि आपले चेहरे

आपल्या कोणाच्याही घरातला जुना अल्बम काढून बघा. त्यात सहलीचा एक तरी फोटो असा सापडेल की मागचे आभाळ छान आले आहे, बुरूज आला आहे, पांढऱ्या साडीची घडीसुद्धा मोजता येते. पण पदराखाली जिथे चेहरा असायला हवा तिथे नुसता काळा ठिपका आहे. ‘ही कोण?’ असे पोरांनी विचारले की मग हातातल्या पिशवीवरून, उभे राहण्याच्या ढबीवरून ओळख सांगावी लागते.

सोलापूरच्या उन्हात तर हे हमखास घडते. मार्च उलटला की सकाळी नऊलाच ऊन तापते, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. सूर्य डोक्यावर आणि सावली कपाळाखाली, डोळ्यांच्या खोबणीत. अशा उन्हात बाहेर फोटो काढून चेहराही दिसायला हवा असेल, तर त्यासाठीचे एक तंत्र आता साध्या मोबाईलमध्येही आले आहे. मोबाईलच्या पडद्यावर ‘एचडीआर’ अशी तीन इंग्रजी अक्षरे असतात. हाय डायनॅमिक रेंज हे त्याचे पूर्ण नाव. आपल्या भाषेत सांगायचे तर ऊन आणि अंधार दोन्ही एका फोटोत मावतील अशी सोय. बहुतेक जण त्या अक्षरांकडे बघतही नाहीत. त्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेखनप्रपंच.

मी १९९२ ते २००१ अशी नऊ वर्षे सोलापुरातल्या एका कलर लॅबमध्ये प्रिंटिंग मशीनवर होतो. लग्नसराई सोडली तर आपल्या वस्त्यांतून सर्वांत जास्त रोल यायचे ते डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाऊन आलेली माणसे छत्तीसचा रोल घेऊन येत. उसना किंवा भाड्याचा कॅमेरा, त्यात एकच रोल आणि त्या रोलमध्ये अख्ख्या गल्लीचे फोटो. पांढरी वस्त्रे, पांढरा घुमट, समुद्रावरचे पांढरट आभाळ. आता गंमत अशी की पांढरे ते निगेटिव्हवर गडद उमटते. मशीन प्रत्येक निगेटिव्हची सरासरी काढी. निगेटिव्ह गडद दिसली की कागदावर जास्त उजेड टाकी आणि जास्त उजेड पडला की कागद काळवंडतो. म्हणजे पांढरे होते ते करडे व्हायचे आणि सावळे चेहरे कोळसा व्हायचे. ऑपरेटरने डेन्सिटीचे बटण दाबून प्रिंट उजळ केली तर चेहरा थोडा वर येई, पण घुमट आणि आभाळ कोरे पडत. एकाला जवळ करायचे तर दुसऱ्याला सोडावे लागे.

लॅबमध्ये गर्दी असली म्हणजे एवढाही विचार कोणी करीत नसे. मशीन जे देईल ते पाकिटात जाई. गिऱ्हाईकही बिचारे, ‘ऊनच लई होतं तिथं,’ असे म्हणून पैसे देऊन जाई.

पण खरी अडचण कळायची ती नंतर. घरातले माणूस गेले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलगा नाहीतर जावई लॅबमध्ये येई. जलदानविधीसाठी मोठा फोटो हवा असे. ज्या पिढीने स्टुडिओत जाऊन स्वतःचा एकट्याचा फोटो कधी काढून घेतला नाही, तिचा फोटो कुठला? असलाच तर सहलीचा, तोही वीस जणांतला. त्यावर बोट ठेवून मुलगा म्हणे, ‘ही आमची आई. एवढीच मोठी करून द्या.’ निगेटिव्ह केव्हाच हरवलेली असे. आम्ही त्या फोटोचाच फोटो काढीत असू आणि मोठा करीत असू. बोटाच्या पेराएवढा काळा डाग मोठा करून दहा बाय बाराचा केला तरी तो काळा डागच. जे कागदावर उतरलेच नव्हते ते काढणार कुठून? मग पेंटरकडून त्यावर डोळे-नाक काढून घेत. भिंतीवर जो चेहरा लागे तो आईचा, की पेंटरच्या मनातल्या कोणा बाईचा, हे घरच्यांनाच ठाऊक. म्हणून फोटोत चेहरा येणे न येणे ही हौसेची बाब आहे, असे मला कधी वाटले नाही.

आता हे होते का, ते पाहू. आपण ओसरीत बसून बाहेर बघतो तेव्हा आपल्याला अंगणातले ऊनही दिसते आणि ओसरीतला रांजणही दिसतो. डोळा सारखा फिरत असतो, जिकडे बघेल तिकडच्या उजेडाप्रमाणे बाहुली लहान-मोठी होते आणि मेंदू ते सगळे जुळवून घेतो. कॅमेरा एकदाच डोळा उघडतो. भर दुपारी उघड्यावर लाखभर लक्स उजेड असतो, घरात शंभरच्या आसपास. म्हणजे हजार पटींचा फरक. फोटोग्राफर लोक हा फरक दुपटीच्या पायऱ्यांनी मोजतात आणि एका पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात. हजार पटी म्हणजे जवळजवळ दहा पायऱ्या. जुन्या स्लाइड फिल्मला जेमतेम पाच-सहा पायऱ्या पेलत. निगेटिव्ह फिल्मला जास्त पेलत, पण चकचकीत फोटोकागदावर शेवटी सहा-सातच उरतात. उरलेले एकतर पांढरे तरी जाते नाहीतर काळे तरी.

यावरचा उपाय फार जुना आहे. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे नावाच्या फोटोग्राफरने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचे फोटो काढताना आभाळासाठी एक निगेटिव्ह आणि लाटांसाठी दुसरी वापरली आणि दोन्ही एका कागदावर छापल्या. पुढे अमेरिकेत चार्ल्स वायकॉफ यांनी एकाच फिल्मवर कमी-जास्त संवेदनशीलतेचे तीन थर दिले. कशासाठी, तर अणुस्फोटाचे फोटो काढण्यासाठी! असो. संगणक आल्यावर १९९५ मध्ये स्टीव्ह मान आणि रोझलिंड पिकार्ड यांनी, १९९७ मध्ये पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी वेगवेगळ्या उजेडात घेतलेले फोटो गणिताने एकत्र करण्याच्या रीती मांडल्या. २०१० मध्ये आयफोनमध्ये ही सोय आली आणि नंतर हळूहळू सगळ्याच मोबाईलमध्ये. मोबाईल डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तीन-चार किंवा त्याहून जास्त फोटो घेतो, एकातून आभाळ उचलतो, दुसऱ्यातून सावलीतला चेहरा उचलतो आणि एक फोटो करून आपल्या हातात देतो.

मात्र ऊन एवढेच काही आपले चेहरे काळे होण्याचे कारण नव्हते. अमेरिकेत कोडॅक कंपनी १९५० च्या दशकापासून लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुना फोटो पुरवीत असे. त्यावर एक गोरी बाई असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ हे नाव पडले. तिची कातडी बरोबर आली म्हणजे मशीन बरोबर, असा हिशोब. काळ्या मुलांचे शाळेतले फोटो नीट येत नाहीत ही पालकांची तक्रार होतीच; पण फिल्ममध्ये गडद तपकिरी छटा नीट याव्यात म्हणून कंपनीवर जोर आला तो लाकडी फर्निचर आणि चॉकलेटवाल्यांच्या तक्रारींमुळे, असे कॅनडाच्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी लिहून ठेवले आहे. चॉकलेटचा रंग बिघडला तेव्हा दखल घेतली गेली! नमुन्याच्या कार्डावर वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया दिसायला १९९० चे दशक उजाडावे लागले. गूगलने २०२१ मध्ये आपल्या फोनच्या कॅमेऱ्यात सावळ्या-काळ्या कातडीचे खरे रंग यावेत म्हणून ‘रिअल टोन’ नावाची सुधारणा आणली. म्हणजे यंत्राला सरासरी शिकवणारा कोणीतरी माणूसच असतो आणि त्याने कोणाला समोर ठेवले यावर आपला फोटो ठरतो.

गेल्या पावसाळ्यात आम्ही घरची मंडळी नळदुर्गला गेलो. आता मी टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला असलो तरी फोटोचा नाद सुटलेला नाही. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून जुना डिजिटल कॅमेरा घेतलेला आहे. सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने पन्नासेक किलोमीटरच्या आत नळदुर्ग येते. एसटीने सकाळी निघाले की संध्याकाळी घरी. आत्या, बहीण, भाचा आणि मी. डब्यात भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा.

ज्यांनी नळदुर्ग पाहिला नसेल त्यांनी एकदा जरूर पाहावा. बोरी नदीवर दगडी धरण बांधून किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ जोडलेला आहे. दुसरा इब्राहिम आदिलशहा विजापूरच्या गादीवर असताना, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हे काम झाले. पावसाळ्यात धरण भरले की ‘नर’ आणि ‘मादी’ अशा दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते. आणि त्या धरणाच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे. जिना उतरून आत गेले की अंधारे दगडी दालन. खिडकीत उभे राहिले की समोरून पाण्याचा पडदा खाली पडत असतो. आत थंडगार, आणि बाहेर ऊन पडले की ते पाणी अक्षरशः डोळे दिपवते. एचडीआर शिकायचे असेल तर याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही.

आत्या सत्तरीच्या पुढची. विड्या वळण्यात तिचे आयुष्य गेले. तिला खिडकीच्या कडेला, अर्धे तोंड पाण्याकडे करून बसवले. भाच्याने मोबाईलवर आधी साधा फोटो काढला, एचडीआर बंद ठेवून. पाणी सुंदर आले. आत्याची फक्त आकृती. मग पडद्यावर आत्याच्या चेहऱ्याला बोट लावून काढला. आत्या आली आणि खिडकीच्या जागी पांढरा कागद चिकटवल्यासारखे झाले. लॅबमधल्या त्या डेन्सिटीच्या बटणाचीच ही तऱ्हा. तिसऱ्या खेपेस एचडीआर चालू केले आणि दोन्ही आले. अगदी नाही, पण ओळखू येण्यासारखे.

मला मात्र मोठा प्रिंट काढायचा होता, म्हणून मी माझ्या कॅमेऱ्याने हातरीतीने केले. ज्यांच्याकडे असा कॅमेरा आहे, किंवा ज्यांची पोरे लग्नाच्या फोटोंच्या धंद्यात आहेत, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. तिकाटणे आमच्याकडे नव्हते. भाकरीच्या डब्याची कापडी पिशवी दगडावर ठेवली आणि तिच्यावर कॅमेरा दाबून बसवला. कॅमेऱ्याचे तोंड, म्हणजे ॲपर्चर, आठवर कायम केले. फिल्मच्या काळी जिला स्पीड म्हणत ती संवेदनशीलता दोनशेवर कायम. फोकस आत्याच्या डोळ्यावर लावून तोही कायम केला. रंगाचे सेटिंगसुद्धा आपोआपवर ठेवायचे नाही, नाहीतर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येतो. बदलायचा तो फक्त शटरचा वेळ. पहिला फोटो सेकंदाच्या हजाराव्या भागाचा: यात फक्त पाणी दिसते, पण थेंबन् थेंब. मग अडीचशेवा भाग, मग साठावा, मग पंधरावा आणि शेवटी पाव सेकंद, ज्यात दालनाच्या भिंतीचे दगड आणि आत्याच्या पदराआडचा कानही दिसतो. प्रत्येक फोटो आधीच्यापेक्षा दोन पायऱ्या उजळ. बटण दाबताना हात हलतो म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा. पुष्कळ कॅमेऱ्यांत हे सगळे आपोआप करणारी सोय असते, तिला ब्रॅकेटिंग म्हणतात.

“काय रं, एकच फोटू पाच-पाच बारी काढायलास?” आत्या म्हणाली.

“आत्या, हलू नगंस जरा.”

“मी कुटं हलायलेय? पानीच हलायलंय.”

तिचे बरोबरच होते. या तंत्राचे दुखणे नेमके तेच आहे. पाच फोटोंमध्ये जे हलते ते एकत्र करताना भुतासारखे दुहेरी दिसते. पाणी हलले तर चालते, उलट ते रेशमासारखे मऊ दिसते. पण माणूस पाव सेकंद दगडासारखा बसला पाहिजे. म्हणून नान्नजच्या माळावर पळणाऱ्या काळविटांना किंवा विहाराच्या पटांगणात खेळणाऱ्या पोरांना याचा उपयोग नाही. तिथे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन गाठावे हेच उत्तम. माणसाच्या बाबतीत मी करतो ते असे: चेहरा ज्या एका फोटोत चांगला आला आहे त्याच एका फोटोतून घ्यायचा आणि आजूबाजूचे उरलेल्यांमधून. घरी भाच्याच्या संगणकावर ‘ल्युमिनन्स एचडीआर’ आणि ‘एनफ्यूज’ असे दोन प्रोग्राम आहेत. दोन्ही फुकट मिळतात. मला एनफ्यूज बरा वाटतो. तो प्रत्येक फोटोतला चांगला भाग तेवढा निवडतो आणि फार आगाऊपणा करीत नाही.

आगाऊपणा म्हणालो ते मुद्दाम. एचडीआरची वाईट खोड बघायची असेल तर कुठल्याही चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स बघा. आभाळ जांभळे, ढग काजळी धरल्यासारखे, इमारतीच्या कडेने पांढरी झालर आणि मधोमध सत्कारमूर्तीचा चेहरा चुना लावल्यासारखा. सावली पार पुसून टाकली की फोटो चपटा होतो. सावली हवीच, तिच्या आत काय आहे ते दिसावे, इतकेच आपले मागणे.

आणि चेहऱ्याचे तर फारच जपावे. लॅबमध्ये असताना मुली दाखवण्यासाठी काढलेले फोटो यायचे. बरोबर बाप नाहीतर भाऊ. दबक्या आवाजात म्हणायचे, “जयभीम. जरा उजळ करून द्या की.” त्या बापाच्या जिवाची काळजी मला कळायची, म्हणून त्याला दोष देत नाही. पण उजळ होऊन जी मुलगी कागदावर यायची ती त्याची मुलगी नसायची. आता ते काम मोबाईल न विचारताच करतो. ‘ब्युटी’ नावाचे एक बटण पुष्कळ फोनमध्ये आधीच चालू असते. ते कातडी गोरी करते, सुरकुत्या पुसते. एचडीआर आणि ब्युटी या दोन गोष्टी एक नव्हेत, हे घरातल्या मुलींना नीट समजावून सांगा. पहिले चेहऱ्यावरचा काळोख काढते, दुसरे चेहऱ्याचा रंगच काढते. फोन हातात आला की पहिल्यांदा ते दुसरे बटण बंद करावे.

सहलीला निघणाऱ्यांसाठी आणखी थोडे. दीक्षाभूमीच्या स्तूपासमोर, जो २००१ मध्ये लोकांसाठी खुला झाला, पांढऱ्या साड्यांतला घोळका उभा केला की मोबाईल अजूनही गडबडतो. पांढरे जास्त दिसले की तो सगळाच फोटो अंधारतो. तेव्हा एचडीआर चालू ठेवून पडद्यावर सगळ्यांत सावळ्या चेहऱ्यावर बोट ठेवावे, मग बटण दाबावे. बायकांनी पदर चार बोटे मागे घ्यावा. कार्ल्याच्या चैत्यगृहात उजेड येतो तो मुख्यत्वे दर्शनी भिंतीतल्या त्या मोठ्या कमानदार गवाक्षातून. आत स्तूपापर्यंत जाऊन मागे वळून फोटो काढला तर नळदुर्गसारखीच परिस्थिती. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी तिकाटण्याला परवानगी लागते, म्हणून श्वास रोखून, कोपरे बरगडीला टेकवून काढावा. अजिंठ्यात फ्लॅश मारायचा नाही. दोन हजार वर्षांचे रंग आहेत ते. पूर्वी तिथले वाटाडे चकचकीत पत्र्याने नाहीतर आरशाने बाहेरचे ऊन आत फेकून चित्रे दाखवीत. साधी पांढरी चादर कोणी दोघांनी धरली तरी सावलीतल्या चेहऱ्यावर तसाच उजेड पडतो आणि त्याला ना मोबाईल लागतो ना संगणक.

नळदुर्गचा फोटो आठ बाय दहाचा काढायला टाकला. लॅबमधल्या पोराला आधीच सांगितले की मशीनचे आपोआप दुरुस्तीचे बटण बंद ठेव, आणि कागद चकचकीत नको, मॅट दे. तो म्हणाला, “काका, चेहरा थोडा डार्क येईल. फेअर करू का?” मी म्हणालो, आहे तसा दे. घरी आणून आत्याच्या हातात दिला. तिने चष्मा लावला, फोटो दाराकडे नेला, उन्हात धरला, पुन्हा आत आणला. गालावरचा लहानपणचा भाजल्याचा डाग तिने बोटाने चाचपून पाहिला. फोटोतला आधी आणि मग स्वतःच्या गालावरचा.

“ह्यो दिसतोय की,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “आणखी दोन काढून आण. एक धाकटीला द्यायचा. आन् एक पेटीत ठिवायचा, नंतर तुमची पळापळ नगं.”

बहीण तिच्यावर रागावली, असे काहीबाही बोलू नये म्हणून. मी दुसऱ्या दिवशी कामावरून येताना दोन प्रिंट घेऊन आलो.